मारुतीला दिलेल्या सुया

१२ जाने. १९७४, शनिवार
मारुतीला सुई दिली. तिसरी. डाव्या कमरेत. गडी हललासुद्धा नाही. म्हणाला, "आबा, मुंगी चावली व्हय?" हाताला गुण आहेच माझ्या. सतरा वर्षं पलटणीच्या दवाखान्यात टोचाटोची केली, गंमत नाही. वार मुद्दाम शनिवार धरलाय. पहिलवानाचा देव, त्याचाच वार, आणि माझ्या पोराचं नावही तेच.
वजन ८४ किलो.

२६ जाने.
पाचवी. वस्ताद सकाळी तालमीतून थेट ओट्यावर. "आबा, पोराच्या अंगावर लय तेज आलंय. खुराकात काय घालताय?" म्हटलं, डी जीवनसत्त्व. दर शनिवारी सुई, वर माशाच्या तेलाच्या गोळ्या, सकाळी दोन, सांजच्याला दोन. हाडं लोखंडाची होतात. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय, एक सुई द्या, मग काही महिने थांबा. तो कागद रोगट माणसासाठी. पहिलवान दहा भाकरी खातो, चरवीनं दूध पितो, बदाम मुठीनं. मग हे तेवढं चिमटीनं का? वस्तादांनाही पटलं.
ही कुरकुरते. "आवं, औषध हाय का वैरण?" बायकांना काय कळतंय तालमीतलं.

९ फेब्रु.
सातवी. मारुतीला तहान लय. तांब्यावर तांब्या. आणि सारखा लघवीला. पोट साफ नाही तीन दिवस. वस्ताद म्हणतात, खुराकाची उष्णता. थंडाई वाढवली. म्हशीची दोन्ही वेळची धार हिनं त्यालाच लावली. आम्ही दोघं कोऱ्या चहावर. चालतंय.

२३ फेब्रु.
नववी. वजन ८१. पानावर चार भाकऱ्यांच्या वर जात नाही. मघाशी म्हणाला, "आबा, सुईनं तर न्हाई न्हवं होत?" मी खेकसलो. सुईनं ताकद येते, जात नाही. तरी सुई नीट घेतली पोरानं. माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाही.

९ मार्च
अकरावी. उद्या शेजारच्या गावची जत्रा. शेवटून दुसरी, मानाची कुस्ती लागलीय. हाडं दुखतात म्हणतो. उद्या हलगी वाजली की सगळं विसरेल.

१० मार्च
काय लिहू.
समोरचा गडी ह्याच्यापेक्षा दहा किलोनं हलका. हात मिळवले, एकदा झटापट झाली, आणि मारुती आपणहून गुडघ्यावर बसला. तिथंच ओकला. लोक हसले. मी धोतराचा सोगा धरून तोंड लपवलं. वाटेत नको ते बोललो त्याला. "तालमीचं नाव घालवलंस. घरात बस बांगड्या भरून." तो एवढंच म्हणाला, "आबा, अंगात जीवच न्हाई राहिला." बैलगाडीत माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपला.

१६ मार्च
अशक्तपणा फार. आता हात आखडून कसं चालेल? दोन दिल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. बारावी, तेरावी.

१९ मार्च
काल रात्रीपासून उलट्या. सकाळी मला ओळखेना. मला वस्ताद म्हणायला लागला. उंब्रजच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, सांगलीला हलवा, आत्ताच. वस्तादांनी जीप आणली. ही पुढं बसून सगळी वाट देवाचं नाव घेत होती. मला तेही सुचलं नाही.

२१ मार्च, सांगली
रक्त तपासलं. डॉक्टर तरुण आहे, पण बोलणं सरळ. "रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलंय. मूत्रपिंडं त्यानंच खराब होतायत. पहिलवानांत हे आधीही बघितलंय. ह्याला डी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं कुणी दिली? किती?"
मी खाटेच्या पायथ्याशी उभा. मारुती आज जरा शुद्धीत. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "जत्रंत एक डाक्टर आल्ता सायब. त्यानं दिल्या. दोनच."
डॉक्टरांनी दोन लिहिलं.
मी ते लिहू दिलं. उभ्या जन्मात पोर पहिल्यांदा खोटं बोललं, आणि माझ्यासाठी बोललं.

२२ मार्च
सलाईन चालू. दूध बंद, गोळ्या बंद. हिला दूध बंद म्हटल्यावर ती व्हरांड्यात जाऊन रडली. "म्हस कुणासाठी पाळली मी?"
डॉक्टर पुन्हा आले. कपाळाला आठ्या. "दोन सुयांनी एवढं होत नाही. हे पाण्याबरोबर निघून जाणारं जीवनसत्त्व नव्हे. चरबीत साठतं, महिनोन् महिने अंगात राहतं. नक्की किती गेलंय ते कळलं तर औषध किती दिवस चालवायचं ते मला ठरवता येईल. कोण होता हा जत्रेतला शहाणा?"
पलटणीत डोस साहेब लिहायचे. मी फक्त टोचायचो. सतरा वर्षांत एकदाही स्वतःच्या मनानं थेंब वाढवला नाही. पेन्शनीत आलो, गावानं डॉक्टर डॉक्टर म्हणून डोक्यावर घेतलं, आणि मी खरंच डॉक्टर झालो. माझ्याच लेकरावर.
हिनं संध्याकाळी धरलं. "तुमी सांगितलं का न्हाई त्यास्नी?"
"सांगतो."
"कवा? पोर गेल्यावर?"


२३ मार्च, शनिवार
सकाळी मारुती गुंगीत. मी अंग पुसत होतो. डोळे न उघडता त्यानं विचारलं, "आबा, आज शनवार न्हवं?"
म्हटलं, व्हय.
तशी त्यानं सवयीनं कूस बदलली. सलाईनचा हात सांभाळत दुसऱ्या हातानं लंगोटाची गाठ सैल केली आणि सुईची वाट बघत पडून राहिला.
मी त्याला सरळ केलं, चादर ओढली आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर रडलो. जत्रेत सोगा तोंडावर घेतला होता तो लाजेनं. आज लाज वाटली नाही.
आता डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून पेन्सिलीनं हे लिहितोय. मूत्रपिंडं पुन्हा चालतील का, ते अजून कुणी सांगत नाही. हिनं पाण्याचा तांब्या आणून दिला, वहीकडं बघितलं आणि परत पोराजवळ गेली. तेरा सुया आणि गोळ्या, सगळं ह्यातच आहे, तारीखवार, माझ्या अक्षरात. पोरानं दोन सांगितल्यात, त्याला खोटा पाडावा लागणार. आतल्या माणसाचं झालं की माझा नंबर. पहिल्या सुईच्या पानावर बोट घालून ठेवलंय.