भांडगावचा फिल्टर आणि माहेरची साडी

मी, सौ. सोजराबाई कोंडिबा कोळपे, वय बासष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घरप्रपंच, राहणार शिरूर, कुलस्वामी खंडोबाला साक्ष ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. मला कोणी भरीस घातलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. सकाळीच किराण्याची बेरीज केली, ती जुळली. सोमवारी पुण्यात माझे हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून मागचे आवरून ठेवते.

१. माझ्या नावच्या दोन खोल्या मुलगा सत्यजीत व मुलगी अनिता यांना निम्म्या-निम्म्या. यजमानांची खाट पुढच्या खोलीतून कोणी हलवू नये.

२. दागिने व पोस्टातली ठेव अनिताला. देवघर सून सुषमाला. तिचा हात देवाला चालतो. नैवेद्यात मीठ जास्त पडते, तेवढे बघावे.

३. जीप माझ्या नावावर आहे, ती सत्यजीतला. सोबत ऑइल फिल्टर खोलायचा पाना. दर वेळी काढलेला फिल्टर कापून आत बघावे. नवीन घेताना बिल घ्यावे, दुकान कोणाचेही असो. रिकामी खोकी फाडूनच भंगारात द्यावीत, नाहीतर त्यांत बनावट माल भरून परत विकतात. मी आयुष्यात साधी पिशवी टाकली नाही, पण ही खोकी फाडावीतच.

४. हे का, ते सांगते. माझा धाकटा भाऊ म्हस्कू याचे भांडगावला हायवेलगत स्पेअर पार्टचे दुकान आहे. पाव्हण्याकडे बिल मागणे आमच्यात अपमान. यजमानांनी जीपचा फिल्टर त्याच्याकडून घेतला; बिल यांनी मागितले नाही, म्हस्कूने दिले नाही. तो फिल्टर लावल्यावर चौफुल्याहून वऱ्हाड आणताना न्हावऱ्याजवळ ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिन जाम झाले. मिस्त्रीने फिल्टर कापला, तर आतल्या कागदाचा लगदा होऊन ऑइलच्या वाटा बुजलेल्या. खोके मात्र हुबेहूब कंपनीचे.

यजमान तडक भांडगावला गेले. “म्हस्कू, बहिणीच्या कुकवावर उठलास व्हय रं?”

म्हस्कूही तापट. “दाजी, तुमीच बिल मागायचं व्हतं!”

तेव्हापासून बोलणे बंद. भाऊबीजेला मी ताट करते आणि पाटासमोरून तसेच उचलते.

५. यजमानांना ठाऊक नाही ते इथे लिहिते. त्याच मालातला फिल्टर म्हस्कूने स्वतःच्या टेम्पोला लावला होता. त्याचेही इंजिन गेले. हे भावजय पुतळाबाईने सांगितले. त्याने लाजेने कोणाला कळू दिले नाही. जाणूनबुजून कोणी आपल्याच ताटात विष वाढत नाही.

६. मी सवाष्ण गेले तर अंगावर माहेरची साडी म्हस्कूच्या हातची पडावी. यजमानांनी त्याला दारात अडवू नये. साडी साधी आणावी; जाळायची वस्तू महाग कशाला?

७. यजमानांना आणि म्हस्कूला मी काही ठेवलेले नाही. राग नाही. ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. मला साक्षीदार हे दोघेच हवेत, एका वेळी, एका सतरंजीवर.

ठिकाण: शिरूर. तारीख: १० ऑक्टोबर २०२४.

सही: सौ. सोजराबाई कोंडिबा कोळपे

साक्षीदार:
कोंडिबा कोळपे, शिरूर
म्हस्कू शेंडगे, भांडगाव

कागदाला जागा उरली, म्हणून घडले तेही लिहिते. म्हस्कूला बोलावून घेतले आणि सह्यांआधी मी हे सारे दोघांसमोर मोठ्याने वाचले. पाचवे कलम ऐकून यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला.

“टेम्पोचं बोलला का न्हाईस रं?”

“तुमी कुठं इचारलं, दाजी?”

मग म्हस्कूचा पेन उमटेना. यजमानांनी आपला पुढे केला.

“वरिजनल हाय ना?”

“घे गपगुमान. बिल मागू नगंस.”

सही करून म्हस्कूने उपरण्याने तोंड पुसले. “आक्का, साडी मी भाऊबीजेलाच आणतो. नेसायला.”

कलम सहामधली साधेपणाची अट त्या साडीला लागू नाही.