‘शे’वरची मात्रा

लिहून ठेवतो मी, चुडामण पुना पाटील, वय बहात्तर, धंदा दुकानांचे बोर्ड रंगवणे (फ्लेक्स आल्यापासून बंद), राहणार देवपूर, धुळे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दाब नाही. टाइप न करता हाताने का लिहितो, ते कलम ३ मध्ये येईल.

१. देवपूरचं दोन खोल्यांचं घर माझ्या पश्चात पत्नी सौ. प्रमिलाबाई हिचं. तिच्यानंतर मुलगा हितेंद्र व मुलगी मयुरी यांचं, निम्मं-निम्मं. भांडू नये.

२. सगळे ब्रश मयुरीला. रॉकेलने धुवावेत, नुसत्या पाण्याने नाही. शंभरदा सांगितलं आहे. लाकडी फूटपट्टी दोंडाईच्याचे संपादक नवलभाऊ यांना. त्यांना सरळ रेघ फार आवडते.

३. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या एकेचाळीस चित्रकविता आहेत. अक्षर जिथे काढलं तिथेच असणं, हीच त्यातली कविता. तीस वर्षं सांगतोय, भिंतीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं! ‘आई’ या कवितेत कोऱ्या पानावर खाली एकच ‘श’ आहे. त्याची मात्रा सुटून वरच्या कोपऱ्यात गेली आहे. आमच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. आई गेली त्याच दिवशी ती काढली. नवलभाऊंनी मासिकात छापताना मात्रा खाली आणून बसवली, आणि ‘शे’ अशुद्ध म्हणून ‘आहे’ केलं. माझी आई गेली, आणि हे छापतात ‘आहे’! जाब विचारला तर म्हणाले, “चुडामणभाऊ, उलट मी तुमची चूक झाकली.”

हितेंद्रने प्रेमाने सगळ्या कविता कॉम्प्युटरवर चढवल्या. त्यानेही मात्रा जोडली. “आबा, सुटी मात्रा बरी दिसत नाही.” कोर्टासमोरच्या टायपिस्टने याच मृत्युपत्रात तेच केलं, तीन वेळा. मग मीच पेन घेतला.

४. प्रमिलाबाईला अक्षरओळख नाही. ‘आई’चं ते हाताने काढलेलं पान तिने भाकरी थापता थापता पाहिलं. पिठाचे हात पुसले आणि म्हणाली, “हाई वर काय उडी गयं? जीव शे का?” मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. त्या दिवशी मी रडलो, हे इथे लिहून ठेवतो.

सबब एकेचाळीसही कविता तिच्या एकटीच्या मालकीच्या. छापायच्या झाल्या तर छापलेलं पान आधी तिला दाखवावं. तिने मान हलवली तरच पुढे जावं. तिच्यानंतर तसं पाहणारं कोणी न भेटल्यास पेटी पांझरा नदीत सोडावी, पण कविता सरळ करू नयेत.

वकील म्हणतात, जिला मिळकत मिळते तिची साक्ष घेऊ नका. ठीक आहे. साक्षीला शेजारी आहेत.

ठिकाण : देवपूर, धुळे
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२४

सही : चुडामण पुना पाटील

साक्षीदार :
१. स्वप्नील देवरे, शेजारी
२. सुनंदाबाई बोरसे, शेजारी

वाचक :
प्रमिलाबाई चुडामण पाटील, डाव्या हाताचा अंगठा
(तिरका उमटला आहे. तसाच ठेवावा.)