शंकरपाळ्यांची फरशी

करी रोड,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. मनवास,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. काल संक्रांत झाली. तुझ्या वाटणीचा तिळगूळ आईने डब्यात ठेवलाय. वरळीच्या खोलीवर पाणी वेळेवर येतं ना?

आपण चाळकरी. आपली चाळ पाडली, टॉवर उभा केला, पण आपल्याला कुणी एक शब्द विचारला नाही. एवढ्या इमारतीत एकच गोष्ट आपल्या हातात होती, सभागृहाची फरशी. ती तू संगणकावर आखलीस. पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे.

गेले आठ दिवस तुझ्या जुन्या संगणकावर बसतोय. फाइल अजून त्यात आहे. जाड शंकरपाळी आणि बारीक शंकरपाळी, दोनच आकार. कडांवरच्या खुणा जुळवत जायचं. मला वाटलं, सोपं आहे. एक छान जमलेला तुकडा कॉपी केला, शेजारी चिकटवला. खुणा जुळेनात. आई म्हणाली, "भाषणात करता तेच करताय. टाळी मिळालेलं वाक्य पुन्हा पुन्हा."

मग एकेक फरशी लावली. चाळिसाव्या फरशीपाशी अशी फट उरली की जाड बसेना, बारीकही बसेना. मागे मागे पुसत गेलो. चूक बाराव्या फरशीला सापडली. तिथं तर सगळं छान जुळलं होतं.

तुझी फरशी मांडली त्या चाळकऱ्यांच्या सभेत माझंही छान जुळलं होतं. "जी नक्षी पुन्हा येत नाही ती नक्षी नव्हे, गोंधळ आहे," असं मी गरजलो आणि लोक हसले. तू कागद गुंडाळून निघून गेलीस, त्याला सात महिने झाले. आईला मी सांगितलं, पोरगी तापट आहे. तुझा कागद मी उलगडूनही पाहिला नव्हता, हे तिलाही सांगितलं नाही.

आता ती नक्षी संगणकावर नीट पाहिलीय. सगळी नक्षी उचलून कुठेही सरकवली तरी ती स्वतःवर बसत नाही, आणि तरी कुठे एक फट नाही. मी चुकलो, मनवा.

धोंडू मिस्त्रीला विचारलं. म्हणाला, "खुणा मारून द्या, मी लावतो."

रविवारी सकाळी अकराच्या सभेत साध्या चौकोनी फरशीचा ठराव मंजुरीला येतोय. ठराव माझाच आहे, तो मागे घेईन. पण तुझी फरशी लोकांना समजावणं मला जमणार नाही. मला टाळ्यांचं बोलणं येतं. रविवारी ये, आणि ती तू समजाव. मी समोर सतरंजीवर बसेन.

पहिल्यांदाच ऐकायला येणारा,
तुझा बाबा