दोरीला हात

शुक्रवार, सोहार (ओमान)

आज पुन्हा संतोषच! सकाळी कंपनीकडून क्रिकेट, संध्याकाळी कबड्डी, आणि कंपनी त्याला दोन्हीचे पैसे देते. माझ्याच खोलीत राहतो. गुहागरला मातीत कबड्डी खेळलेला माणूस. बॅट कशी धरायची ते इथे मी दाखवलं. आता ओपनिंगला तो जातो आणि मी पॅड बांधून बसून राहतो.

मैदानात उतरताना तो वाकून बाउंड्रीच्या दोरीला हात लावतो आणि कपाळाला टेकवतो. कबड्डीतली सवय. आधी सगळे हसायचे. आज आमचा अर्बाब, कंपनीचा मालक, स्वतः टाळ्या वाजवत ओरडला, "यल्ला, कबड्डी!" इतक्या वर्षांत माझं नाव तरी माहीत आहे का त्याला?

जेवताना बायकोचा फोन. पहिला प्रश्न, "संतोषभावजी जिंकले का हो?" अगं, मीपण खेळलो! किती रन केले ते विचार. नको, तेही नकोच विचारू.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगितली नाही. आज माझी बॅटिंग आली तेव्हा मीही वाकलो. दोरीला हात लावलासुद्धा. हात कपाळाकडे नेताना दिसलं, संतोष बघतोय.

मग उगाच हेल्मेट सारखं केलं.