नडगीतला मसूर

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (तूर्त कागदावरच, वाकले की पट्टी ओढली जाते). तू बरी असशील, काकांचा खोकला हटला असेल, आणि तुझ्या उजव्या हाताचं ते मधलं बोट अजून तसंच सुजलेलं असेल. ("पेन धरून घट्टा पडलाय गं" हे उत्तर मला पाठ आहे, ते लिहू नकोस.) माझा पाय बरा आहे, हे आधीच सांगून टाकते. तू पत्र शेवटाकडून वाचतेस हे मला ठाऊक आहे. या वेळी कृपा करून तसं करू नकोस.

गेले कित्येक महिने माझी डावी नडगी ठणकत होती. दिवसा थोडी, अंथरुणाला पाठ टेकली की फार. आता गंमत बघ, मी नोकरी करते औषधाच्या दुकानात. पाठीमागे दुखण्यावरच्या गोळ्या छतापर्यंत रचलेल्या आणि काउंटरवर मी बगळ्यासारखी एका पायावर उभी. मालक म्हणायचे, "अगं, तू गोळ्या विकतेस की त्यांची राखण करतेस? घे एक, पगारातून कापणार नाही." मी काही घेतली नाही, आणि याचं मूळ तू आहेस. शाळेत नाव घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवलंस, तेव्हा घरात खोडरबर येऊ दिलं नव्हतंस. चूक खोडायची नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. झाकलेली चूक शिकवणाऱ्याला दिसणार कशी? तेव्हा मी ठरवलं की डॉक्टरांना दाखवेपर्यंत दुखणं गोळीने खोडायचं नाही. (मग दाखवायला इतके महिने का लावले, हे विचारू नकोस. साध्या ठणक्यासाठी डॉक्टरांचा वेळ घ्यावा की नाही, यावर माझा विचार चालू होता.)

शेवटी मालकांनीच हाडांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी नडगी दाबून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "गोळी घेतल्यावर दुखायचं थांबतं का?" मी मान ताठ करून सांगितलं, एकही गोळी घेतलेली नाही, दुखणं जसंच्या तसं आणलंय. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाळ, मला तेवढंच तर जाणून घ्यायचं होतं." हाडातली एक गाठ असते म्हणे, तिचं दुखणं रात्री वाढतं आणि साध्या गोळीने गप्प बसतं. ते गप्प बसणं हीच तिची खूण, आणि मी ती खूणच इतके महिने जपून पुसत आले होते! "आज जेवण झाल्यावर एक घे आणि उद्या सकाळी पहिल्या नंबरला येऊन सांग," म्हणाल्या. मी घेतली, आणि सकाळचा नंबर चुकवून झोपले. पोचले तेव्हा दवाखान्यातल्या मावशी फरशी पुसत होत्या आणि डॉक्टरबाई पर्स काखेला लावून निघालेल्या. मी माफी मागायला लागले, तर हसून म्हणाल्या, "उशिरा आलीस यातच सगळं आलं. पण झोपेवर निदान करत नाहीत, एक्स-रे काढू."

एक्स-रेत हाड एका जागी जाड झालेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "ट्यूमर वाटतोय, साध्या जातीचा, स्कॅनमध्ये नक्की कळेल." आत्या, 'ट्यूमर' ऐकल्यावर पुढचे शब्द माझ्या कानांनी आत घेतलेच नाहीत. घरी आले आणि माझा टेबलफॅन उचलून शेजारच्या काकूंना देऊन टाकला, माझ्यामागे उगाच धूळ खात पडायला नको म्हणून. काकू म्हणाल्या, "बाई गं, ऐन उकाड्यात?" मी म्हटलं, मला आता उकाड्याचं काय. (स्कॅन होईपर्यंत इतकी घामाघूम झाले की मरणाची भीती दुसऱ्या नंबरवर गेली.)

स्कॅनमध्ये निघाला मसूर! म्हणजे मसुराएवढी गाठ, जाड हाडाच्या कोंदणात बसलेली. ती पसरत नाही, जिवावर उठत नाही, फक्त झोपू देत नाही. गोळ्या घेत वर्षानुवर्षं वाट पाहिली तर आपणहून विझूही शकते, नाहीतर स्कॅनमध्ये बघत बघत हाडात सुई घालून तेवढा दाणा भाजून काढायचा. मी सुई निवडली. भूल चढताना डॉक्टरबाईंना सांगत होते म्हणे, की चुकून चांगलं हाड भाजलंत तर खोडू नका, रेघ मारा. जागी झाले तर सुईच्या जागेचं दुखत होतं, पण ते आतलं, हाडातलं, माझ्या ओळखीचं दुखणं नव्हतं. मी त्याला शोधत पडले आणि शोधता शोधता झोप लागली. भाजण्याआधी सुईने तपासायला काढलेल्या तुकड्याचा अहवालही साधाच आला. आता डॉक्टरबाईंचे, काउंटरमागे स्टूल आणून ठेवणाऱ्या मालकांचे आणि डबा पोचवणाऱ्या काकूंचे आभार मानत फिरते, इतके की मालक म्हणाले, "पुरे, गिऱ्हाईक थांबलंय." तुझे मात्र सगळ्यांत जास्त. तू शिकवलंस ते चुकीचं नव्हतं, मी चुकीच्या वहीत उतरवलं.

तुझी,
दोन्ही पायांवर उभी असलेली भाची

ता. क. काकू फॅन परत करायचं नाव काढत नाहीत आणि दिलेली वस्तू माझ्याच्याने मागवत नाही. तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. गुरुवारी येऊन दोन शब्द बोलशील का?

ता. क. २. आलीच आहेस तर त्याच सकाळी माझ्यासोबत डॉक्टरबाईंकडे चल. तुझ्या बोटाचं मी त्यांच्या कानावर घातलंय. घट्टा कातडीला पडतो, हाड फुगत नाही, असं त्या म्हणाल्या. बोटांच्या हाडातही साध्या गाठी होतात, पुष्कळदा नुसती नजर ठेवतात, पण हाड आतून पातळ झालं असेल तर जरा धक्का लागून मोडतं. तोवर त्या हाताने बादली उचलू नकोस. लपवून गोळ्या घेत असशील तर घे, पण तिथे सांग.

ता. क. ३. पहिल्या ता. क.मधला फॅनचा मजकूर खोटा आहे. अहवाल आला त्याच दिवशी काकू स्वतः घेऊन आल्या, पुसून. तो मजकूर एक रेघ मारून ठेवला आहे, खालचं वाचता येईल असा. बोटाच्या मजकुरावर रेघ नाही.