बाजूला सारलेला तांब्या

सर, आज रविवार, कारखान्याला सुट्टी होती, म्हणून पोलादपूरच्या वरच्या त्या वाडीवर जाऊन आलो. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, इतक्या वर्षांनी पाय कसे वळले? त्याचं उत्तर शेवटी देतो.

वाडीतल्या पोरांना सारखे जुलाब व्हायचे, म्हणून विद्यापीठाच्या प्रकल्पातून तुम्ही आम्हाला तिथे न्यायचात. झऱ्याचं पाणी तपासणीचं औषध घातलेल्या छोट्या बाटलीत भरून उबेला ठेवायचं. बाटली काळी पडली की पाणी खराब. तुमचा नियम एकच, बाटली वाडीतल्याच घरात राहील, घरातली बाईच ती बघेल, आपण आधी तोंड उघडायचं नाही. मला कुठला धीर. मी एक बाटली गुपचूप खोलीवर नेली आणि ती काळी पडल्यावर वर गेलो. माझ्याबरोबर आपल्या गटातली ती मुलगी होती. तिच्यासमोर मला मोठं दिसायचं होतं, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असणार. एका घराच्या पडवीत बसलो तशी तिथल्या म्हातारीने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. मी तांब्या बाजूला सारला. म्हणालो, "हे पाणी गुरंसुद्धा पिणार नाहीत." म्हातारीने तांब्या उचलला, गूळही उचलला. आत जाता जाता म्हणाली, "आमची पोरं रोज पितात रे. ती काय गुरं हायत?" दुसऱ्या दिवशी आपण बाटल्या घेऊन गेलो तर एकही दार उघडलं नाही.

महाडच्या स्टँडवर तुम्ही मला चहा पाजलात, मग बोललात. "पाणी तपासायला पाठवलं होतं तुला, माणसं नाही. उद्या जा. त्या आजीच्याच चुलीवर पाणी उकळायला सांग आणि तिच्या हातून पी." मी म्हणालो, बाटली काळी झाली ना, मग माझं काय चुकलं? शेजारच्या बाकावर आपल्या गटातली ती बसली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. त्या तिरमिरीत मी कॉलेजच सोडलं. नंतर कळलं, कितीतरी रविवार तुम्ही एकटेच वर जात होतात. मग तुम्ही गेल्याचंही असंच कुणाकडून तरी कळलं.

झऱ्याला आता कठडा आहे. धुणं खालच्या अंगाला नेलंय. म्हातारीच्या फडताळात बाटली दिसली, बायका आता स्वतःच ठेवतात. तिने मला ओळखलं नाही. तांब्या ठेवत म्हणाली, "पी रे, उकळलेलं हाय." मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "कॉलेजचे एक सर यायचे. आले की पयलं पाणी मागायचे. म्हणायचे, आजी, माझा एक पोरगा यायचा हाय तुझ्याकडं, जरा तापट हाय, पण येईल. सर गेले बिचारे. पोरगा काय आला नाय."

मी तांब्या रिकामा केला. "अजून देऊ?" म्हणाली. हो म्हटलं. तो पोरगा मीच, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

बिरवाडीच्या खोलीत बसून लिहितोय. हे कुठे पाठवणार, गादीखाली जाईल. आता तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या गटातली ती हल्ली कॉलेजात शिकवते आणि मुलांना घेऊन रविवारी वाडीवर येते, असं ऐकलं होतं. मी तिच्यासाठी गेलो होतो, सर. ती आली नव्हती.