बाटली हलवायची नाही

देवरी, पोळ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

बोलणं माझं, अक्षरं माझ्या नातीची, सुषमाची.

आज ही पोरगी तोंड पाडून आली. साप चावल्यावर देतात त्या इंजेक्शनची भुकटी बनवायच्या कामावर आहे ती. तिची नवी भुकटी पाण्यात झटकन विरघळते, पण गरमीत टिकत नाही. जी टिकते, ती विरघळायले वेळ लावते. "काम सोडून देते आजी," म्हणे.

मी म्हटलं, साखर टाकून पाहा, पाक कसा टिकते.

"साखर आहेच त्यात."

घ्या. माझी अक्कल तिथंच संपली.

पण त्या इंजेक्शनची बाटली डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या सुनेले, सुषमाच्या मायले, बांधीत धान निंदताना साप चावला होता. सुनेच्या पापण्या मिटत होत्या, अन् दवाखान्यात नर्सबाई भुकटी विरघळायले बाटली तळहातावर हळूहळू फिरवत बसली होती. मी ओरडली, "काऊन व, झोप आली का? हलव ना जोरानं."

"फेस येते आजी. औषध बिघडते."

मग काय, ती बाटली फिरवून राहिली अन् मी पाहून राहिली. सून वाचली. आता रोज माझ्याशी भांडते.

तेवढा वेळ कमी करायचा आहे, पोरी. भुकटी फसली तर पुन्हा बनव. साप चावलेल्याले वेळ नसते, तुले आहे.

हात काऊन थांबला? लिही: सुषमा उद्या सकाळच्या बसनं कामावर जाते.

लिहिलं? वाचून दाखव. मले वाचता येत नाही म्हणून दुसरंच लिहिशील.